खड्याचे मंत्र

गुरुवारी दुपारी वृषाली दुकानात आली, काउंटरवर हेल्मेट ठेवलं आणि म्हणाली, "रविवारी मला मरायचंय. तू मधी यायचं नाय." मी त्या वेळी कॉम्प्युटरवर, फ्लेक्ससाठी, एका बैलाच्या कपाळाला टिळा लावत होतो. बैलाचं नाव पायलट. त्याचा वाढदिवस होता, निदान गेणभाऊंच्या मते होता. बैलाकडे जन्माचा दाखला कुणी मागत नाही. गेणभाऊ माझ्या मागं स्टुलावर बसून टिळा जरा डावीकडं, जरा उजवीकडं असं सांगत होते, ते थांबले. त्यांनी वृषालीकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग स्क्रीनवरच्या पायलटकडं. "पोरी," ते म्हणाले, "असं अशुभ बोलू नये. घरी काय झालं का?" "काय नाय झालं बाबा. खेळातलं बोलतीय." "खेळात बी मरू नये. आमचा पायलट शर्यतीच्या घाटात कधी पडला का?" वृषाली म्हणाली, "नाय पडला. पण त्याला मंगळवारी विमानात नाय बसायचं." तिनं हेल्मेट उचललं आणि स्क्रीनकडं बोट करून विचारलं, "खालच्या रांगेत ते गाढव का घेतलंय?" "ते आमचं खोंड हाय," गेणभाऊ दुखावून म्हणाले. ती गेली, आणि पायलटचा टिळा पुढचा तासभर मला कुठंही लावता आला नाही.

मरायचंय म्हणजे सुंदराला मरायचंय. सुंदरा हे वृषालीचं पात्र. दर रविवारी, बाजाराच्या दिवशी, दुकानाच्या वरच्या खोलीत आम्ही खेळतो: कागदावर नकाशा, वीस बाजूंचा फासा, आणि उरलेलं सगळं तोंडानं. गोरख, पप्पू आणि वृषाली एकेक पात्र होतात. बाकीचं जग मी होतो. राजे, राक्षस, हॉटेलवाले, हवामान. त्यांनी 'दार उघडतो' म्हणायचं आणि दारामागं काय आहे ते मी सांगायचं. म्हणून मला ते मास्तर म्हणतात. नियमांचं पुस्तक इंग्रजीत आहे. मी ते मराठीतून सांगतो, आणि जे कळत नाही तिथं माझं घालतो. हे फक्त वृषालीला माहीत आहे, कारण तिनं एकदा ते पुस्तक खरोखरच वाचलं. गोरख खोडदचा, तिथल्या रेडिओ दुर्बिणींच्या कॅन्टीनला कामाला आहे. खेळात तो जादूगार असतो आणि कुठलाही प्रश्न आग लावून सोडवतो. पप्पू पिंपरी पेंढारचा, त्याच्या वडलांकडं अजून मेंढरं आहेत, तो तिरंदाज. एकदा मी त्यांच्यासमोर ड्रॅगन आणला तर तिघंही ओरडत पुढं धावले. पुढच्या रविवारी बिबट्या आणला तर खेळ थांबला, कारण पप्पूनं घरी फोन लावून मेंढरं आत घेतली का ते विचारलं. वृषाली नारायणगावला एका दवाखान्यात नर्स आहे. चार माणसांच्या टोळीत जखमा बऱ्या करणारं कुणीतरी लागतंच, आणि पहिल्या दिवशी आम्ही सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं होतं. "हां," ती म्हणाली होती, "आठवडाभर तेच करते, आता सुट्टीच्या दिवशी बी तेच करू? मी तलवार घेणार." तेव्हापासून आमच्यात एक खरी नर्स आहे आणि तिच्या हातून खेळात आजवर कुणाला साधी पट्टीसुद्धा बांधली गेलेली नाही. ती आता जर्मनीला चालली आहे. तिथं म्हातारी माणसं पुष्कळ आहेत आणि त्यांना उचलून बसवायला कुणी नाही. मंगळवारी विमान. मला हे उन्हाळ्यापासून माहीत होतं, तिच्या जर्मन क्लासचा फ्लेक्ससुद्धा मीच केला होता. तरी 'मंगळवार' हा शब्द त्या गुरुवारी मला पहिल्यांदा ऐकू आला, आणि तोही बैलाच्या संदर्भात.

आता भुरीचं सांगायला पाहिजे, कारण घोळ तिथं आहे. आमच्यात आधी चौथी तेजस्विनी होती. तिचं पात्र भुरी नावाची चोर. भुरी म्हणजे काय चीज होती: तिनं एकदा झोपलेल्या राजाच्या मिशा चोरल्या आणि त्याच राजाला बाजारात विकल्या. तेजस्विनीला माझं जग कधी पटलंच नाही. मी 'भिंत आहे' म्हणालो की ती विचारायची, कुणाची आहे, बांधली कुणी, खालून पोकळ असंल बघ. मग तिचं लग्न झालं, ती संगमनेरला गेली, आणि उरले तीन. पुढच्या रविवारी टोळी डोंगरावर निघायची होती, तर पप्पूनं धनुष्य खाली ठेवलं. म्हणजे पेन्सिल ठेवली. "तिघांनी निघू नये," तो म्हणाला. "आमच्याकडं तिघं निघाले तर खिशात खडा घेत्यात, चौथा म्हणून." मी म्हणालो, अरे हे कागदावर आहे. तो म्हणाला, कागदावर असलं म्हणून काय, तीन ते तीनच. गोरखलाही ते पटलं. ज्या माणसाला आकाशातल्या ताऱ्यांचे आवाज टिपणाऱ्या यंत्रांवरच्या लोकांना रोज चहा पोचवायचा असतो, त्यानं असं म्हणावं. मग मी खाली जाऊन रस्त्यावरून एक खडा आणला, नकाशावर ठेवला आणि म्हणालो, ही भुरी. तेजस्विनी नसली तरी भुरी येईल. मी तिला चालवीन. ती मधेमधे करणार नाही, फक्त सोबत राहील. खेळाडूंमध्ये मास्तरचं स्वतःचं माणूस असलं की त्यानं गप्प राहून मदत करावी, असं पुस्तकातही आहे. तेवढं इंग्रजी मला कळलं होतं.

आणि मी तिला गप्प ठेवलं. दोन वर्षं. आधी तिला जखम भरायचा मंत्र दिला, कारण टोळीला गरज होती. मग दिवा लावायचा, मग तहान भागवायचा, मग सगळ्यांवर ढाल धरायचा. भुरी मागं चालायची, कुणी पडलं की हात ठेवायची. कुणी तिला काही विचारलं तर मी माझ्या आवाजात 'हो' म्हणायचो. पुढं एका आठवड्यात अंबाबाई, म्हणजे दुकानमालकाची आई, खोली झाडायला वर आल्या. त्यांना नकाशावर मधोमध एकटा खडा दिसला. एवढे कागद मांडून मधे दगड ठेवलाय म्हणजे काहीतरी असणार, म्हणून त्यांनी त्याला हळदकुंकू लावलं. त्यानंतर भुरीवर हल्ला करायची माझी हिंमत झाली नाही. राक्षस सगळ्यांना मारायचे आणि खड्यापाशी आले की वळून जायचे. पप्पू खेळ सुरू करण्याआधी त्याला नमस्कार करायला लागला. वृषाली हे सगळं बघत होती. मला वाटायचं तिला मजा वाटतेय.

गुरुवारी संध्याकाळी मी तिला फोन लावला. मी सगळं जुळवून ठेवलं होतं. "मरायचं कशाला," मी म्हणालो, "सुंदराला मी गावी पाठवतो. तिला जमीन देतो. राणी करतो. म्हणशील तर चार दिवस तीर्थाला गेली असं दाखवतो, तू सुट्टीवर आलीस की परत." ती दवाखान्यातच होती. मागं कुणाच्या तरी सलाईनचं यंत्र टूं टूं वाजत होतं. मग ती म्हणाली, "अमृत, मी गेल्यावर तुझ्याकडं गोरख आणि पप्पू. दोघं. आणि तो खडा. किती झाले?" मी मोजले. मी हे गुरुवारच्या आधीच मोजलं होतं. "तीन," मी म्हणालो. "मग तू काय करणार? चौथा लागणार. दुसरा खडा आणणार आणि म्हणणार, ही सुंदरा. ती मागं चालणार. पप्पूला पाणी देणार." "एखाद्या वेळेस," मी म्हणालो. "भुरीचं तू काय करून ठेवलंस? राजाच्या मिशा चोरणारी बाई ती. तिला तू शुभेच्छुक करून टाकलंस." आणि फोन ठेवला. टूं टूं करणाऱ्या माणसाकडं गेली असेल.

शुभेच्छुक हा माझा धंदा आहे, त्यामुळं ते मला जरा जास्तच नेमकं लागलं. फ्लेक्सवर वर मोठा चेहरा असतो, तो कुणाचाही असो, पुढाऱ्याचा, बाळाचा, बैलाचा. खाली रांगेनं बारीक चेहरे. वरच्याचा चष्मा, पांढरा शर्ट, मागं सूर्य उगवतो हे सगळं ठरलेलं, ते कुणीही करतं. खरं काम खालच्या रांगेत. कुणाचा फोटो लग्नातला, शेजारची बायको कापून. तिचा हात खांद्यावर राहिलेला, तो हात पुसायला अर्धा तास. कुणाचं तोंड हसताना उघडं, ते मिटवायचं, कारण शुभेच्छुकानं वरच्यापेक्षा जास्त हसू नये. मी तोंडं मिटवण्यात इतका पटाईत झालोय की आंबेगावातून लोक माझ्याकडं येतात. शुक्रवारभर मी पायलटखालची रांग लावत होतो: खोंड, दोन शेळ्या, गेणभाऊंचे तीन भाऊ, आणि एक माणूस ज्याला कुणीच ओळखत नव्हतं पण फोटो होता म्हणून घेतला. डोक्यात दुसरीकडं मंत्र चालू होते. मागच्या रविवारी टोळीची पायरी, म्हणजे लेव्हल, वर गेली होती, त्यामुळं भुरीला नवा मंत्र घ्यायचा होता. एकच. पुस्तकात असे पुष्कळ आहेत. आशीर्वादाचा घेतला तर सगळ्यांचा फासा थोडा चांगला पडतो, पण गोरख आपण हुशार आहोत असं समजायला लागतो. भीती घालवायचा घेतला तर पप्पू बिबट्यालासुद्धा घाबरणार नाही आणि त्याच्या घरचे मला विचारतील. निरोप पोचवायचा मंत्र आहे, कितीही लांब, दोनचार वाक्यं. त्यावर मी बराच वेळ थांबलो, आणि मग मला आठवलं की त्यासाठी जगात मोबाईल आहे आणि गाव सोडून गेलेल्यांसाठी मी तो वापरत नाही. आणि सगळ्यांच्या खाली एक मंत्र होता. पडलेल्याचा प्राण ओढून परत आणायचा. जीव गेल्या गेल्या हात ठेवला तर माणूस उठून बसतं. पुस्तकात त्याखाली एक ओळ होती, जाणाऱ्याची इच्छा असेल तरच. ती ओळ मी वाचली. मग माझ्या मनात आलं की नियम तर मीच मराठीत करतो. एक ओळ गाळली तर कुणाला कळणार आहे? वृषालीला कळेल. पण तोपर्यंत सुंदरा उठून बसलेली असेल.

हा विचार करून मला बरं वाटायला पाहिजे होतं, तर उलट खुर्ची टोचायला लागली. मी उठलो, यंत्राची शाई बघितली, शाई होती. बाहेर जाऊन उभा राहिलो, बाहेर जुन्नर होतं. परत आत आलो. आपल्याला नक्की काय हवंय? वृषाली हवीय? असं काही मी स्वतःला कधी विचारलेलं नाही, आणि विचारलं असतं तर बहुतेक मी विनोद केला असता. मला रविवार हवा होता. कुणीतरी जिना चढत येतं आणि चप्पल काढायच्या आधीच विचारतं, मागच्या वेळी आपण कुठं व्हतो? ते हवं होतं. माणसं संगमनेरला जातात, जर्मनीला जातात, आणि त्यांची माणसं, म्हणजे त्यांनी माझ्या जगात आणून सोडलेली माणसं, माझ्याकडं राहतात. ती मी सांभाळतो. यात वाईट काय आहे? असं मी यंत्राला विचारलं. यंत्रातून पायलट हळूहळू बाहेर येत होता, आधी शिंगं.

शनिवारी मी तेजस्विनीला फोन केला. दोन वर्षांत पहिल्यांदा. मागं कुकरची शिट्टी झाली, एक लहान मूल काहीतरी आपटत होतं. "भुरीला एक मंत्र द्यायचाय," मी म्हणालो, "तर म्हटलं तुला विचारावं." "कोण भुरी?" ती म्हणाली, आणि मग एवढ्या जोरात हसली की आपटणारं मूल थांबलं. "ती अजून जिवंत हाय? मला वाटलं मी गेले तवाच मेली असंल. काय करतीय?" मी सांगितलं. जखमा भरते, दिवा लावते, ढाल धरते. सांगताना मला ते एखाद्या स्थळाची माहिती दिल्यासारखं वाटलं. "आणि चोरी?" "चोरी आता करत नाही." "का रं?" याचं उत्तर असं होतं की चोरी करायला चोराला काहीतरी हवं असावं लागतं, आणि भुरीला काय हवंय ते मला कधी कळलंच नव्हतं, म्हणून मी तिला दुसऱ्यांना हवं ते द्यायला लावलं. पण हे मी बोललो नाही. मी म्हणालो, "वेळ नाही मिळाला." "मास्तर," तेजस्विनी म्हणाली, "मला हितं दिवसभर हेच हाय. ह्याला पाणी दे, त्याला भरव, दिवा लाव. आणि तिकडं बी तू मला हेच करायला लावलंस व्हय? मारून टाक तिला, नायतर पळवून लाव. मंत्रबिंत्र देऊ नको." मग तिनं वृषालीचं विचारलं, विमानाचं विचारलं, आणि फोन ठेवताना म्हणाली, "पुढच्या वेळी आधी विचार." मी हो म्हणालो. भुरी म्हणायची तसंच.

रविवारी सकाळी मी मंत्र ठरवला. प्राण ओढायचा. सगळं ऐकूनसुद्धा मी तोच ठरवला, हे मला समजावून सांगता येणार नाही. एखाद्यानं दहा वेळा सांगावं की जिन्याची ती पायरी तुटकी आहे आणि पाय बरोबर तिथंच पडावा, तसं काहीतरी. आणि मी ती ओळ गाळली.

खाली बाजार भरला होता, कोथिंबीरवाला एकच वाक्य दुपारपासून म्हणत होता. वृषाली आली. तिनं केस कापले होते. गोरख म्हणाला, "जर्मन झालीस की!" ती म्हणाली, "तुला चहा जर्मनमधून सांगू का?" पप्पूनं खड्याला नमस्कार केला. मी त्यांना खिंडीत आणलं, मागं राजाची फौज, पुढं उतार आणि मोकळं रान. सगळ्यांना निसटता येईल असं मी मुद्दाम केलं होतं. वृषालीनं नकाशा बघितला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "तुम्ही उतरा. सुंदरा खिंडीत थांबतीय." पप्पू म्हणाला, "ए, येडी का? रस्ता मोकळा हाय!" "तुम्ही उतरा रं." गोरखनं खिंडीला आग लावायची का विचारलं. ती नको म्हणाली, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदा. तिनं फासा टाकला, चांगला पडला, पाच शिपाई गेले. परत टाकला, परत चांगला. मी आतून हसायला लागलो होतो, म्हटलं फासाच तिला मरू देत नाहीये, मला काही करावंच लागणार नाही. तिसऱ्यांदा एक पडला. एक म्हणजे सगळ्यात वाईट. मग मला शिपायांचे फासे टाकावे लागले, आणि मी ते टाकले, आणि बेरीज करायची गरज नव्हती.

"पडली," मी म्हणालो.

"खडा!" पप्पू ओरडला. "मास्तर, भुरीला सांग! हात ठेव म्हणावं!" गोरखनं स्वतःच खडा उचलून सुंदराच्या जागेशेजारी आणून ठेवला. त्याच्या बोटाला कुंकू लागलं. "नवा मंत्र घेतलाय ना तिनं? कंचा घेतला?" मी खड्यावर बोट ठेवलं. तो उन्हानं कोमट झाला होता. मला फक्त एक शब्द म्हणायचा होता. वृषाली नको म्हणाली नाही, डोकंही हलवलं नाही. ती माझ्या बोटाकडं बघत होती, दवाखान्यात कुणाचं सलाईन संपत आलेलं बघतात तसं, लक्ष देऊन, घाई न करता. मला एकदम कळलं की मी शब्द म्हटला तर ती भांडणार नाही. ती म्हणेल बरं, उठली. मग ती मंगळवारी जाईल, आणि तिनं इथं ठेवलेलं जे काही आहे ते माझं होईल, आणि मी त्याचं तोंड मिटवीन. मी ते फार सफाईनं करीन. कुणाला शिवण दिसणार नाही.

मी बोट काढलं. "नाही घेतला," मी म्हणालो. "कुठलाच नाही घेतला."

"अरं?" पप्पू म्हणाला. "मग मेली का ती?"

"थांब," वृषाली म्हणाली. "माणूस असं झटक्यात मरत नाय. मी सांगते." तिनं पाय वर घेतले, मांडी घातली. "आधी पाय गार पडत्यात. सुंदरा दगडाला टेकून बसली. तिनं चपला काढल्या, शेजारी नीट जोडून ठेवल्या, कारण कुणीतरी अडखळलं असतं. तलवार लांब पडली व्हती, ती आणायचा तिला कंटाळा आला. एक शिपाई तिच्यासमोर उभा व्हता, भाला धरून. पोरगंच व्हतं, मिसरूड फुटलेलं. त्याला कळंना अजून मारायचं का नाय. सुंदरा म्हणाली, बाळा, जरा सरक की, वारं अडवलंस."

गोरखनं आग लावायचा मंत्र म्हणायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. हा शिपाई माझा होता. माझ्या फौजेतला, मीच त्याला तिथं उभं केलं होतं. आणि तो आता काय करील हे मला माहीत नव्हतं. इतक्या रविवारांत 'पुढं काय' हा प्रश्न मी कधी कुणाला विचारला नव्हता.

"मग?" मी म्हणालो.

"मग काय," वृषाली म्हणाली, "सरकला तो."